त्याच्या नावाची बाटली

सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. चहा तेवढा घेतला होता, तोही अर्धा कप, आणि तोही बायको समोर उभी होती म्हणून.

बंदरावरची तीन नंबरची क्रेन तो चालवायचा, आणि तिला एकशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या होत्या. लिफ्टही होती, पण ती नऊ वर्षांपूर्वी बंद पडली आणि 'दुरुस्तीचं बघतो' म्हणणारे तीन साहेब एकामागून एक रिटायर होऊन गेले. त्यामुळे सकाळी वर चढलेला माणूस शिफ्ट संपल्यावरच खाली यायचा. मधल्या आठ तासांत लघवीला लागली तर त्यानं काय करायचं, हा प्रश्न कागदोपत्री कुणाला पडलाच नव्हता. केबिनच्या कोपऱ्यात वरून कापलेला तेलाचा एक डबा होता, तेच त्या प्रश्नाचं उत्तर. संध्याकाळी डबा फडक्यानं झाकून तो स्वतःच खाली आणायचा, धुवायचा, सकाळी परत न्यायचा. बावीस वर्षं हे चाललं होतं. खालचे लोक त्याला 'वरचे' म्हणत. "वरचे, उचला," "वरचे, जरा सबुरीनं," असं दिवसभर वॉकीटॉकीवर चालायचं. त्याचं खरं नाव हजेरीच्या यादीशिवाय कुठे उरलंच नव्हतं.

दुखणं तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं. आधी नुसती आग व्हायची. उन्हाळी लागली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि तेव्हा थंडीचे दिवस होते. मग ओटीपोटात, अगदी खाली हाडाच्या मागे, कळ यायला लागली. धार मध्येच तुटायची. शेवटच्या थेंबाला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे आणि तो केबिनच्या काचेला कपाळ टेकून उभा राहायचा. लघवीची भीती बसली म्हणून त्यानं पाणी कमी केलं. पाणी कमी झाल्यावर आग वाढली. आग वाढली म्हणून त्यानं पाणी आणखी कमी केलं. चाळीस टनांचा कंटेनर इंचभरही इकडेतिकडे न होऊ देता जहाजावर ठेवणारा हा माणूस, पण आपण आपल्याच आगीत रोज थोडं तेल ओततोय हे काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर कदाचित शिरलं असतं. पण सांगायचं तर आधी कुणाला तरी कळायला हवं होतं, आणि तिथे तर तो मूग गिळून बसला होता.

मागच्या आठवड्यात डब्यात लाल दिसलं. त्यानं डबा उन्हाकडे धरून पाहिला, आणि गंजाचा रंग असेल असं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं डबा बदलला. नव्या डब्यातही लाल दिसलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात वार्षिक तपासणीची चिठ्ठी आली. क्रेनवर चढणाऱ्यांना दर वर्षी बंदराच्या दवाखान्यातून 'उंचीवर काम करण्यास योग्य' असा शिक्का आणावा लागे. डोळे, कान, रक्तदाब, रक्त आणि लघवी. दोन नंबरच्या क्रेनवरचा त्याचा जोडीदार गेल्या वर्षी या तपासणीत अडकला. साखर निघाली, दोनदा चक्करही आली होती म्हणे. आता तो गेटजवळच्या खोलीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना हेल्मेटं वाटतो. सकाळी द्यायची, संध्याकाळी मोजून घ्यायची, आणि एखादं कमी भरलं तर पोरासोरांच्या शिव्या खायच्या. केबिनमधून ती खोली काडेपेटीएवढी दिसे. तिच्याकडे नजर गेली की तो घाईनं पुढचा कंटेनर उचलायला घ्यायचा.

त्याला फार काही नको होतं. त्याला वर राहायचं होतं, बस. वर कुणी खांद्यावर हात टाकत नाही, कुणी ओरडलं तर बटण दाबून आवाज बारीक करता येतो. खाली त्याला काहीच नीट जमलं नव्हतं. ना बोलणं, ना भांडणं. वर गेला की मात्र दहा माणसं त्याच्या हाताकडे बघत उभी राहायची. निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि तेवढी चार वर्षं तिथेच काढायची होती.

दवाखान्यातून बाटली आदल्या दिवशीच मिळाली. झाकणाची, प्लास्टिकची, वर त्याच्या नावाची चिकटपट्टी. 'सकाळची पहिली लघवी घेऊन या,' असं कंपाउंडरनं सांगितलं. ती बाटली खिशात घालून तो घरी आला आणि उंबऱ्यातच त्याच्या मनात विचार आला. सरळ विचार नव्हता तो, हे त्यालाही कळत होतं.

त्याची बायको पाळणाघर चालवायची. घराच्या पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या, भिंतीला खेळण्यांच्या टोपल्या, आणि सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत तीन वर्षांच्या आतली आठ पोरं. ही बाई दर तासाला एकेकाला हाताला धरून उठवायची. "चल रे, शू करून येऊ." कोण किती वेळा गेलं, कुणाला जळतंय, कुणी कमी पाणी प्यायलंय, सगळं तिच्या तोंडपाठ. स्वतः कधी जायची, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. जायचं तर आठ पोरांकडे पाठ करावी लागते, आणि आठांपैकी एक तरी तेवढ्यात तोंडात मणी घालतोच.

सकाळी तो न्हाणीघराच्या दाराशी उभा राहिला आणि त्यानं बाटली तिच्या पुढे धरली.

"हे काय?" ती म्हणाली.

"तपासणीची आहे. तू भरून दे."

"मी? नाव तर तुमचं आहे."

"अगं, मी दिवसभर पाणी पीत नाही, माझी गडद येते. उगीच काहीतरी काढतात आणि कागद अडवून ठेवतात. तुझी चांगली असते."

"माझी चांगली असते हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बायकोच्या लघवीबद्दल आपल्याला काडीचीही माहिती नाही, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं. आता ही कानउघाडणी करणार, असं त्याला वाटलं. गेले दोन महिने ती त्याच्या मागे लागलीच होती, बारीक झालात, पाणी प्या, दाखवून या. पण तिनं बाटली घेतली, आत गेली, आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

नळ सोडायची तिची सवय नवीच होती. महिना-दीड महिना झाला असेल. तीस वर्षं संसार झाल्यावर हिला आता कुठली लाज वाटायला लागली, असं त्याला वाटे. अर्थात त्याला बोलायला तोंड नव्हतं. तो स्वतः तीन महिने नळ सोडूनच आत जात होता. बादलीत पाणी धो धो पडत असलं की माणूस दात आवळून कण्हला तरी बाहेर ऐकू जात नाही.

ती बाहेर आली. बाटली कागदात गुंडाळलेली होती. त्यानं जिन्यात कागद सोडून पाहिलं. जराशी गढूळ वाटली, पण लाल नव्हती. त्याला हायसं वाटलं.

पुढचे दोन दिवस ती रोज विचारत होती, "आला का रिपोर्ट?" कपडे वाळत घालताना विचारायची, ताट वाढताना विचारायची. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्या नोकरीची इतकी काळजी कधी केली नव्हती. आपल्या खोटेपणात तीही अडकली म्हणून बिचारी घाबरली असेल, असं समजून तो म्हणायचा, "येईल गं. काही होत नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी वॉकीटॉकी खरखरला. खालून मुकादम बोलत होता.

"वरचे, दवाखान्यात बोलावलंय. आत्ता."

"शिफ्ट संपल्यावर जातो."

"आत्ता म्हणालेत. डॉक्टरीणबाईंचा स्वतःचा फोन होता."

एकशे अठ्ठ्याऐंशी पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीला ओटीपोटात ठणका बसत होता. पकडलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बाईची लघवी आहे हे मशीनला कळलं असणार. हेल्मेटांच्या खोलीवरून जाताना त्यानं मान दुसरीकडे वळवली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, पण दुपारी तीन वाजता ती तरुण दिसत नव्हती. समोर कागदांचा गठ्ठा, बाजूला गार झालेला चहा. तिनं खुर्चीकडे बोट केलं.

"बसा काका. तुमच्या लघवीत पू आहे. बराच आहे. जंतूही आहेत. जळजळ होते?"

पकडलं नव्हतं. "होते," तो म्हणाला.

"सारखं लागल्यासारखं वाटतं? गेलं की थोडीशीच होते?"

"हो."

"ओटीपोटात दुखतं?"

"दुखतं."

शाळेत त्याला कधी एका दमात तीन उत्तरं आली नव्हती. इथे प्रत्येक उत्तर खरं होतं आणि तरीही सगळा प्रकार खोटा होता.

"किती दिवस?"

"तीन महिने."

डॉक्टरनं मान वर केली. "तीन महिने? आणि मी बोलावल्यावर सांगताय?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी कुठे..."

"एवढीशी नाही ती." तिच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता; हे ती आज पहिल्यांदा सांगत नव्हती. "इथे सगळे असेच येतात. ट्रकवाले, क्रेनवाले, सगळे. पाणी पीत नाही, दाबून धरतो, आपोआप जाईल. काका, बाईला असं झालं तर एक-दोन दिवस बघून दाखवावं. पुरुषाला झालं तर तेवढंही थांबू नये, पुरुषाला हे उगीच होत नाही, मागे खडा असतो, प्रोस्टेट असतं, काहीतरी असतंच. लघवीत लाल एकदा जरी दिसलं तरी यायचं, दुखत नसलं तरी. आणि तुंबली, होईचना, तर तसंच धावत यायचं." तिनं गोळ्यांचा कागद पुढे ओढला. "ताप नाही ना? थंडी वाजून? पाठीत इथे, बरगड्यांच्या खाली, दुखतं? उलटीसारखं होतं?"

"नाही."

हेही उत्तर खरंच होतं. डॉक्टर लिहायला लागली. "मग सध्या गोळ्या देते. लघवी पुढच्या तपासणीला पाठवू. शिक्क्याचं नंतर बघू, आधी हे बरं होऊ दे."

म्हणजे सुटलो. गोळ्या घ्यायच्या, घरी नेऊन बायकोच्या हातात द्यायच्या, पुढच्या वेळी पुन्हा तिचीच बाटली आणायची. शिक्का मिळेल. चार वर्षं निघतील. त्यानं हात पुढेही केला होता.

आणि तेव्हा त्याला सकाळ आठवली. पोरांना उकडतं म्हणून पंखा लावलेला होता आणि ती स्वेटर घालून बसली होती. चहा देताना तिच्या हातातला कप बशीवर थडथड वाजत होता. एक हात पाठीला, उजवीकडे, बरगड्यांच्या खाली. "काय गं?" असं त्यानं विचारलं होतं, चप्पल घालता घालता. "काही नाही, पाठ आखडलीय. रिपोर्ट आला की फोन करा," ती म्हणाली होती. आणि तो फक्त 'काही नाही' एवढं ऐकून निघाला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "ताप आला आणि पाठ दुखली, तर काय होतं?"

"मग ते किडनीपर्यंत चढलेलं असतं. मग नुसत्या गोळ्या देऊन घरी ठेवत नाही मी कुणाला. मोठ्या हॉस्पिटलात जायचं, त्याच दिवशी. सलाईनमधून औषध द्यावं लागतं. अंगावर काढलं तर रक्तात पसरतं, आणि मग माणूस हाताला लागत नाही." तिनं पेन थांबवलं. "का?"

खिडकीतून तीन नंबरची क्रेन दिसत होती. रिकामी, हात आडवा करून उभी. बावीस वर्षांत त्यानं ती खालून अशी नीट पाहिलीच नव्हती. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि ते कशासाठी येतंय हे त्याला सांगता आलं नसतं.

"ती लघवी माझी नाही," तो म्हणाला.

"काय?"

"बायकोची आहे. मीच तिच्याकडून घेतली. आज सकाळी ती थरथरत होती. पाठ धरून बसली होती."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "आणि तुमची का नाही दिलीत?"

"माझी लाल येते."

डॉक्टरनं गोळ्यांचा कागद फाडला आणि दुसऱ्या कागदावर भराभर लिहायला लागली. "घरी कोण आहे त्यांच्याजवळ?"

"आठ पोरं. लोकांची."

"निघा. ही चिठ्ठी घ्या. मोठ्या हॉस्पिटलात दोघंही जा. दोघंही, ऐकलंत? मी फोन करून ठेवते. तुमची तपासणी झाल्याशिवाय तुम्ही त्या क्रेनवर पाय ठेवायचा नाही. आणि बाटलीचं मी लपवणार नाही काका. ते मला लिहावं लागेल."

"लिहा," तो म्हणाला.

बाहेर मुकादम वाटच बघत होता. "काय वरचे, जहाज खोळंबलंय. चला."

"मी घरी जातोय."

"आणि तीन नंबर कोण चालवणार?"

"मला माहीत नाही," असं म्हणून तो गेटकडे चालायला लागला. हेल्मेट खिडकीत ठेवलं. आतल्या जोडीदारानं ते मोजून घेतलं.

घरी पोरं झोपलेली होती. भिंतीला टेकून ती खाली बसली होती, स्वेटरवर शाल, आणि मांडीवर सगळ्यात धाकटं पोर. तिचे गाल लाल होते, ओठ सुकलेले. त्याला अवेळी दारात बघून तिनं सगळ्यात आधी विचारलं, "आला रिपोर्ट?"

"आला."

"काय निघालं?"

तो तिच्यासमोर खालीच बसला. तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. "पू निघालाय. तुला."

तिनं मान हलवली. आश्चर्य नाही, घाबरणं नाही. "मला वाटलंच होतं."

"वाटलं होतं म्हणजे?"

"दीड महिना झाला. जळतं, दुखतं, मधे बरं वाटतं, परत येतं. तुम्ही बाटली पुढे केलीत तेव्हा म्हटलं, बरं झालं. तुमच्या नावावर माझंही कळेल. काही नसलं तर कुणाला सांगायलाच नको."

"आणि असलं तर?"

"असलं तर तुम्ही गोळ्या घेऊन याल घरी. त्यातल्या मी घेईन."

त्याला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना. एका बाटलीत दोघांनी आपापली लबाडी भरली होती, आणि दोघंही आपल्या हुशारीवर खूश होते. "मला सांगायचं नाही होय?"

"तुम्ही सांगितलंत?" ती म्हणाली. "लाल डाग मी धुते तुमचे. मला काय दिसत नाही? विचारलं की म्हणता, गंज लागला. आणि मी तरी कशी जाणार होते, यांना कुणाच्या गळ्यात घालून?" तिनं मांडीवरच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. मग पाठीत कळ आली म्हणून डोळे मिटले.

"म्हणून तू नळ सोडायचीस?" त्यानं विचारलं. "मला वाटलं लाज वाटते."

"तीस वर्षांनी? तुमची?" ती हसली, आणि हसल्यामुळे दुखलं म्हणून कण्हली. "तुम्ही कशाला सोडायचात?"

तो उठला. शेजारच्या काकूंना हाक मारली, त्या येऊन पोरांमध्ये बसल्या, आठही घरी फोन झाले. टॅक्सीत ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून बसली आणि मधेच ग्लानीत म्हणाली, "धाकट्याला शू करवायची राहिलीय." तो म्हणाला, "काकू करवतील." वाटेत तिला दोनदा उलटी झाली. त्यानं तिच्या तोंडापुढे स्वतःचा डबा धरला, जेवणाचा, आणि ती सरळ व्हायच्या आत मनातल्या मनात वरच्या सगळ्या साहेबांना, लिफ्टला, त्या शिक्क्याला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या दिल्या.

हॉस्पिटलात फार प्रश्न विचारले नाहीत. तिला खाटेवर घेतलं, सलाईन लावलं, रक्त काढलं. "आज आणलंत ते बरं केलंत," तिथला डॉक्टर म्हणाला, आणि 'उद्या आणलं असतं तर' हे त्यानं बोलून दाखवलं नाही. तासाभरानं तिची थरथर थांबली. तिचा चेहरा इतका दमलेला होता की गेला दीड महिना आपण नक्की कुणाच्या हातचा चहा घेत होतो, असं त्याला झालं. आपली नजर उंचावरून जहाजाच्या तळापर्यंत पोचते म्हणून बावीस वर्षं त्यानं मान ताठ ठेवली होती. चार हातांवर बसलेली बायको त्याला दिसली नव्हती.

मग नर्स आली. तिच्या हातात दोन बाटल्या होत्या, झाकणाच्या, प्लास्टिकच्या. तिनं त्यांच्यावर नावं लिहिली, एकीवर त्याचं, दुसरीवर तिचं, आणि दोनदा वाचून दाखवली; डॉक्टरीणबाईंचा फोन तिच्यापर्यंत पोचलेला दिसत होता. "बाईंची मी घेते," ती म्हणाली. "तुमची तुम्ही द्या. आत्ता, माझ्यासमोर आत जा. तो कोपऱ्यातला दरवाजा."

तो उठला. पोटात खूप वेळापासून ठणकत होतं. बायको पडल्या पडल्या त्याच्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"नळ सोडू नका."

आत एक बादली होती आणि तिच्यावर नळ. हात सवयीनं तिकडे गेला. मग त्यानं तो मागे घेतला, बाटली धरली आणि भिंतीला कपाळ टेकलं. धार आली, तुटली, परत आली. शेवटच्या थेंबाला जी कळ आली ती त्यानं दातांखाली दाबली नाही. तो मोठ्यानं कण्हला, अगदी लहान पोरासारखा, आणि त्या एवढ्याशा जागेत तो आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटला.

"ऐकलं हो मी," बाहेरून ती म्हणाली. "या आता."

त्यानं झाकण लावलं. बाटली लाल होती आणि तिच्यावर त्याचं नाव होतं. ती कागदात न गुंडाळता, तशीच हातात धरून तो बाहेर आला.